तुराट्या बरोबर मांडतात, पाटीवर मात्र ३००५

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातली एक बाई)

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. दुसरी नि तिसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. गणित पेटी (मणी वगैरे मोजायचं साहित्य) आहे, पण कुलपात. मोजून मिळालेले मणी हरवले तर डेडस्टॉकला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) काय दाखवायचं, या भीतीनं ती निघतच नाही. म्हणून मी तुराट्या धरल्या. इकडे तूर निघाली की घरोघरी तुराट्यांचा ढीग, चुलीला नाहीतर कुडाला. पोरं वीतभर तुकडे करून आणतात. दहाची जुडी, दहा जुड्यांचा भारा. (सुतळी मात्र मीच आणते, ते असो.)

३०५ मांड म्हटलं की तिसरीचं पोरगं तीन भारे नि पाच सुट्या अचूक मांडतं. तेच पाटीवर लिही म्हटलं की ३००५! अर्ध्या वर्गाचं हेच. "तीनशे लिहिले, पुढं पाच लिहिले, मग चुकलं काय?" असं मलाच विचारतात. साहित्यानं पोरं शिकतात म्हणतात, मग ते पाटीपर्यंत का पोचत नाही? तुराट्या मांडणं हा वेगळाच खेळ होऊन बसलाय का?

उत्तर १ (वर्ध्याकडचे निवृत्त गुरुजी)

बाई, पोरगं ऐकलं तसंच लिहितंय. 'तीनशे' ऐकलं, ३०० लिहिलं. 'पाच' ऐकलं, ५ लिहिलं. तुराटीला जागा नसते. पाच सुट्या भाऱ्याच्या डावीकडे ठेवल्या तरी पाचच राहतात. आकड्याचं तसं नाही, आणि ही गोष्ट तुराटी शिकवू शकत नाही.

जुन्या लग्नपत्रिका कापा. ३०० ची पट्टी तीन घरांची, ४० ची दोन घरांची, ५ ची एका घराची. उजव्या कडा जुळवून एकावर एक ठेवायला लावा. पाच शेवटच्या शून्यावर बसतो. भारे मांडले की लगेच पट्ट्या, पट्ट्यांवरून लगेच पाटी, एकाच बैठकीत. सकाळी तुराट्या नि दुपारी वही असं करू नका.

१९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीम (गांधीजींची हाताच्या कामातून शिकण्याची पद्धत) सुरू झाली, तिथंही पोरं टकळीवर सूत काढत, मोजत आणि नोंद ठेवत. आपण हाताचं काम उचललं, नोंद सोडून दिली.

आणि जुड्या तयार देऊ नका. बांधणं-सोडणं त्यांचंच.

उत्तर २ (शाळा समितीतला एक पालक)

बाई, पेटी कुलपात काहून? मणी हरवले त हरवले, पोरायच्या हाती तरी लागले! आमच्या शाळेत भिंतीवर तक्तेच तक्ते, पण पोराच्या डोक्याच्या वर. साहेब आले की पाहून जातात.

उत्तर ३

दुसरीचं दुखणं आणखी वेगळं आहे. 'पंचवीस' मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून ५२. 'एकोणसाठ' ऐकलं की ६१. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मी दोन्ही बोलून घेते. दोन जुड्या उचलून 'वीस', पाच सुट्या उचलून 'पाच', मग 'पंचवीस'. एकोणसाठला सहा जुड्या मांडून एक तुराटी काढून घ्यायची. सहावी जुडी सोडावीच लागते, तिथं 'एकोण' कळतं.

प्रश्नकर्ती (तीन आठवड्यांनी)

पट्ट्या केल्या. गावात पत्रिकांना तोटा नाही. एक पोरगी पाचाची पट्टी उचलून खाली डोकावून म्हणे, "बाई, शून्य दडलं हाये." ३००५ जवळजवळ गेलं. दोघं अजून लिहितात, पण ते तूर-कपाशीच्या दिवसांत शाळेतच नसतात, त्यांना पट्टी काय करणार?

पेटीही निघाली. मणी मोजून परत घ्यायचं काम चौथीच्या दोन मुलींना दिलं, आजवर एक कमी आहे.

आता ३०५ मधून १७ वजा करणं चाललंय. वहीत हातचा घेताना सगळे शून्यापाशी अडतात. काल एकाला फळ्यापाशी उभं केलं तर खडू ठेवून तुराट्यांकडे गेला नि म्हणाला, "आधी भारा सोडा लागते ना बाई, जुडी कुठून येईन?"