न्यूट्रलला गाडी थरथरते, चोक ओढला की शांत होते. पिस्टनच्या रिंगा खोलायच्या का?

राळेगावचा शेतकरी

गाडी १९९८ची, तीन सिलिंडरची, कार्बुरेटरवाली. बाबा शाळेवर मास्तर होते तेव्हा त्यांनी घेतली, आता मी चालवतो. यंदा संक्रांतीनंतर एकाएकी सुरू झालं. न्यूट्रलला उभी केली की अंग झाडते, आरशात मागचं काही धड दिसत नाही, हेडलाइट लावले की बंदच पडते. रस्त्याला लागली की मात्र तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम गुळगुळीत. चोक ओढून ठेवला तोवर शांत राहते, आत ढकलला की पुन्हा तेच.

प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, कार्बुरेटर खोलून धुतला. तालुक्याच्या गॅरेजात आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाच्या वेगाचा, स्क्रू चढवून दिला, चार दिवस बरं वाटलं. आता तिथे सांगतात की रिंगा गेल्या, इंजिन उतरवा लागेल, २२ हजार खर्च. पण धूर नाही, ऑइल कमी होत नाही. बाबांना डोळ्यांसाठी वर्ध्याला न्यावं लागतं आणि त्यांना दुसऱ्याच्या गाडीत बसायला आवडत नाही. कापसाचे पैसे आलेत, पण ते खतासाठी ठेवलेत. खरंच रिंगांचंच काम असेल तर करीन, आधी खात्री पाहिजे.

ब्रेकही हल्ली जरा कडक लागतो. त्याचा याच्याशी संबंध नसावा, तरी सांगून ठेवतो.

दारव्हेकर

आधी तिन्ही सिलिंडर काम करतात का ते पाहा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, ती जुन्या प्लगला लावून प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, मग सुरू करा. असं एकेक करून तिन्हींचं पाहा. ज्याची वायर काढूनही थरथर तेवढीच राहते, तो सिलिंडर मेला. तसा एकही सापडला नाही तर रिंगांवर पैसे घालू नका. सिलिंडरमधला दाब कॉम्प्रेशन गेजने मोजल्याशिवाय तर इंजिन उतरवूच नका.

वणीचा मिस्त्री

भाऊ, उत्तर तुमीच लिहून ठेवलं हाये. चोकानं मिश्रणात पेट्रोल वाढते. तो ओढला की शांत होते म्हंजे तिले पेट्रोल कमी पडून रायलं, नाहीतर कुठून तरी फालतू हवा घुसून रायली. रिंगा गेल्या असत्या त चोकानं काय फरक पडला असता?

एक किलो पेट्रोल जळाले साडेचौदा-पंधरा किलो हवा लागते. आयडलले थ्रॉटल, म्हंजे कार्बुरेटरातली झडप, जवळपास बंद असते, त्याच्यानं मॅनिफोल्डात, म्हंजे कार्बुरेटरातून इंजिनात जानाऱ्या नळीत, ओढ सगळ्यात जास्त. एवढंसं भोक असलं तरी तिथून हवा घुसते न् मिश्रण पातळ होते, म्हंजे हवा जास्त न् पेट्रोल कमी. थ्रॉटल उघडला की ओढ कमी होते, हवा भरपूर येते, मंग त्या भोकाचं काही चालत नाई. म्हनून रस्त्यावर गाडी चांगली.

आता ब्रेक. तुमी म्हनता संबंध नाई, मी म्हनतो तिथंच पाहा. मॅनिफोल्डातून ब्रेक बूस्टरले, म्हंजे त्याच ओढीनं ब्रेक हलका करनाऱ्या डब्याले, जाड रबरी पाईप जाते. गाडी सुरू ठेवून ते मॅनिफोल्डाजवळ कपडा गुंडाळून पक्कडीनं दाबा. थरथर थांबली त गळती त्या पाईपात नाहीतर बूस्टरात. नाई थांबली त कार्बुरेटरच्या खालच्या गॅस्केटवर न्हाव्याकडच्या बाटलीनं साध्या पाण्याचा फवारा मारा. आवाज बदलला की जागा सापडली. पाणी प्लगले करंट वाटनाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर जाऊ देऊ नका, न् गरम सायलेन्सरजवळ पेट्रोल शिंपडाचा उद्योग कोनी सांगितला तरी करू नका.

गाडी कुठं उभी राहते? तोवर बाबाले घेऊन वर्ध्याले जाऊ नका. बूस्टर नसला की ब्रेकले लय जास्त जोर लागते.

आर्वीची

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे तर नसेल? आमच्या जुन्या गाडीचे रबरी पाईप आधी फुगले, मग चिरले.

वणीचा मिस्त्री

असू शकते, ताई. इथेनॉलात आधीच ऑक्सिजन असतो, म्हनून कार्बुरेटरवाल्या गाडीत मिश्रण आनखी पातळ पडते, न् त्यात सेन्सर नाई की आपोआप सुधरन. पन ते हळूहळू होते. यांचं एकाएकी झालं.

राळेगावचा शेतकरी

गाडी गुरांच्या कोठ्याला लागून उभी राहते. संक्रांतीच्या सुमारास तूर काढली, तिचं कुटार, म्हणजे भुसा, तिथेच भरलं.

आज सकाळी दारव्हेकरांनी सांगितलं तसं केलं. कोणतीही वायर काढली तरी गाडी सारखीच आणखी बिघडते, म्हणजे तिन्ही सिलिंडर जिवंत आहेत. मग पाईप दाबला आणि थरथर जागच्या जागी थांबली. बाबा अंगणात चहा पीत होते, त्यांना दुरून कळलं. पाईप काढून पालथा केला तर खालच्या बाजूला उंदराने कुरतडलेलं, करंगळीचं टोक जाईल एवढं भोक. वरून हात फिरवून काहीच कळलं नसतं. नवा पाईप २४० रुपयांना मिळाला. ब्रेक मऊ झाला. पण आता आयडल फार चढलंय, उभी गाडी ओरडते.

वणीचा मिस्त्री

गॅरेजात चढवलेला स्क्रू उतरवा. इंजिन पुरतं गरम झाल्यावर, चोक आत, लाइट बंद. ९००च्या आसपास आना. मंग लाइट लावून पाहा. बूस्टरचीही परीक्षा घ्या: गाडी बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा मारा, पाय दाबून ठेवा न् सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पायजे.

राळेगावचा शेतकरी

पेडल खाली गेलं. लाइट लावूनही बंद पडत नाही. कुटार उद्या मागच्या वाड्यात हलवतो. बुधवारी बाबांना घेऊन वर्ध्याला निघतो.