विगनचा तो हंगाम विसरू नका

कुणीतरी लिहिलंय की एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली फुटबॉलची बाद फेरीची स्पर्धा, आता मोठ्या क्लबांचाच झालाय, लहानांना तिथे काही मिळत नाही. मला हे पटत नाही. २०१२-१३ चा हंगाम आठवून बघा.

जानेवारीत ल्यूटन, म्हणजे लीगच्या चार विभागांबाहेरचा संघ, नॉर्विचला त्यांच्याच मैदानावर १-० हरवून गेला. नॉर्विच तेव्हा प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागात होतं! आणि विगन? त्याच प्रीमियर लीगमध्ये तळाशी धडपडणारा संघ, पण कपात एव्हर्टनला त्यांच्याच गुडिसन मैदानावर ३-० हरवलं. उपांत्य फेरीत मिलवॉलला २-०.

११ मे २०१३ चा अंतिम सामना मी नेरूळला मोठ्या भावाच्या घरी पाहिला. आपल्याकडे पावणेदहाला सुरू झाला. समोर मँचेस्टर सिटी. विगनच्या मॅकमॅनमनने त्यांच्या बचावाला अक्षरशः घाम फोडला, सिटीचा झाबालेता लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, आणि भरपाई वेळेत कॉर्नरवर विगनच्या बेन वॉटसनचं हेडर. १-०. नोव्हेंबरात पाय मोडलेला हा खेळाडू बदली म्हणून उतरला होता. दादा इतका ओरडला की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या.

तीनच दिवसांनी आर्सेनलकडून ४-१ हरून विगन खालच्या विभागात गेलं. एकाच हंगामात कप जिंकून घसरलेला तो पहिलाच क्लब. लीगमध्ये ३८ सामन्यांचा हिशोब होतो, तिथे पैसा आणि मोठा संच भारी पडतो. बाद फेरीत नव्वद मिनिटं पुरतात. म्हणूनच मी अजूनही तिसऱ्या फेरीपासून, म्हणजे मोठे क्लब कपात उतरतात तेव्हापासून, बघायला बसतो.