खेळातला कुंचला, संग्रहालयातली शाई

व्हिडिओ खेळांमधून जपानी कलेची ओळख वरवरचीच होते, या मताशी मी सहमत नाही. २००६ साली आलेल्या ‘ओकामी’मध्ये सूर्यदेवता अमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात वावरते आणि खेळणाऱ्याला स्वतः कुंचल्याचे फटकारे ओढावे लागतात; आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. रेषा कुठे जाड होते, कागद कुठे कोरा सोडला आहे, हे पाहण्याची सवय मला याच खेळाने लावली. त्यामुळे तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात पंधराव्या शतकातील झेन भिक्षू सेश्शूचे शाईतील हिवाळी निसर्गचित्र पाहताना त्यातला तुटक रेषेचा उभा कडा मला परका वाटला नाही.

लाकडी ठशांच्या छपाईतील श्रम मात्र प्रवासातच उमगले. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रामागे चेरीच्या फळ्या कोरणारा कारागीर, रंगारंगाचे ठसे अचूक जुळवणारा छपाईकार आणि खर्च उचलणारा प्रकाशकही होता. जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, प्रकाशाने हे रंग फिकट होत असल्यामुळे मूळ प्रती मोजकेच दिवस मांडल्या जातात आणि तोक्योतील सुमिदा होकुसाई संग्रहालयाच्या कायमस्वरूपी दालनातही प्रामुख्याने प्रतिकृतीच असतात. म्हणून विशेष प्रदर्शनांचे वेळापत्रक पाहूनच प्रवासाच्या तारखा ठरवाव्यात.