महायुद्धातली पाणबुडी सोलापुरात बनवायची आहे, हसून झालं की सांगा

धोटा_सोलापूर:
नमस्कार मंडळी. विषय येडा वाटेल पण सिरियसली विचारतोय. मला दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीची, टाइप ७ सी ची, फुल साइज नक्कल बनवायची आहे. शोकेसमधलं मॉडेल नको, आत शिरून चालवता आली पाहिजे, आणि चालवायला क्रू पण आपलाच पाहिजे.

हा किडा डोक्यात कधी शिरला म्हणाल तर एका लग्नाला विशाखापट्टणमला गेलो होतो (आमचे निम्मे पाहुणे तिकडचेच, कोणार्क एक्सप्रेस इथनं डायरेक्ट जाते). तिथं आरके बीचवर आयएनएस कुरसुरा उभी आहे, आपल्या नेव्हीची पाणबुडी, २००१ ला रिटायर झालेली, आता म्युझियम. वऱ्हाडी मंडळी फोटो काढून बाहेर पडली पण मी आत व्हॉल्व्हच बघत बसलो, एवढ्याशा जागेत एवढी चाकं, प्रत्येकाचा पाइप कुठून कुठं जातो ते बोटाने ट्रेस करत, शेवटी गार्डने हाकललं. तेव्हापासून रात्री तेच वाचतो.

टाइप ७ च का, तर सगळे प्रकार धरून सातशेच्या वर बनवल्या आणि आज अखंड उरलीय एकच, यू-९९५, जर्मनीत कीलजवळ लाबोच्या किनाऱ्यावर १९७२ पासून. म्हणजे आपण बनवली तर जगात दोन! लांबी ६७ मीटर, रुंदी ६.२, क्रू ४४ ते ५२.

आमचा टॉवेलचा कारखाना होता, अर्धे लूम भंगारात गेले, शेड रिकामं पडलंय. दोस्तांत एक वेल्डर आहे चिंचोळी एमआयडीसीत, एक वायरमन, एक डिझेल मेकॅनिक. पैसा नाही, पण तो नंतरचा विषय. विचारायचं एवढंच की सुरुवात कुठून करायची, आणि उजनी धरणात किंवा गेलाबाजार हिप्परग्याच्या तलावात ती खाली-वर करता येईल का. घरी अजून कोणाला बोललेलो नाही.

विजापूर_वेस:
काय बे मालक, नळाला पाणी चार दिवसांनी येतंय आणि तू पाणबुडी करालास होय? 😂

उजनीचं म्हणशील तर उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये जाती, म्हणजे वापरायच्या पातळीच्या पण खाली, तिकडं पळसदेवचं बुडालेलं देऊळ अख्खं वर येतं, तुझी बोट तिथं शिखराला अडकली तर यूट्यूबवाले येतील, दुसरं कोण येत नाही. हिप्परग्यात तर पेरिस्कोप वर आणि खाली चिखल.

पण क्रूमध्ये मला घे. पोहता येत नाही, चालंल काय? आणि ऑर्डर कुठल्या भाषेत देणार ते आत्ताच ठरव, आपल्याकडं मराठीत सांगितलं तर कन्नडवाला विचारतोय काय म्हणला, आणि घाई झाली की सगळेच तेलुगूत शिव्या देतेत.

पॅनवाला:
हसण्यावारी नेऊ नका, पोराने चांगला विषय काढलाय. माझी सगळी नोकरी साखर कारखान्यांच्या फॅब्रिकेशनमध्ये गेली, त्यामुळे या विषयात मला बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

धोटाभाऊ, तुम्हाला वाटत असेल सोलापूर जिल्ह्यात पाणबुडीचं काम कोणालाच माहीत नाही. तसं नाही. कारखान्यातला व्हॅक्यूम पॅन बघा. साखर जळू नये म्हणून रस शंभर डिग्रीला उकळायचा नसतो, साठ-पासष्टला उकळवायचा असतो, म्हणून पॅनमधली हवा ओढून काढतात, पाऱ्याच्या मापाने २५-२६ इंच व्हॅक्यूम. म्हणजे बाहेरची हवा पॅनला चारी बाजूंनी दाबते. तो दाब पाण्यात मोजला तर साडेआठ-नऊ मीटर खोलीचा. आपल्या जिल्ह्यात एवढे कारखाने, प्रत्येकात एवढे पॅन, हे सगळे हंगामभर नऊ मीटर पाण्याखाली उभे असल्यासारखेच असतात, फक्त पॅनमनला कोणी कॅप्टन म्हणत नाही.

आता खरा मुद्दा. तुमचा वेल्डर बॉयलर किंवा एअर टँक बनवत असेल तर तेवढ्यावर पाणबुडीला हात घालू नका. बॉयलरमध्ये दाब आतून असतो, शेल थोडं वाकडं असलं तरी दाब त्याला गोलच करायला बघतो. दाब बाहेरून आला की उलटं. रोलिंगमध्ये राहिलेला बारीकसा पोचा दाब अजून आत ढकलतो, आत गेला की अजून कमजोर होतो, आणि मग बसतो तो एकदम, मध्ये टाइम देत नाही. एकदा एका ठिकाणी (नाव नको) एका टाकीला व्हॅक्यूम ब्रेकर (व्हॅक्यूम झाला की हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) बसवायचा राहिला होता, गरम टाकीत वाफ थंड झाली आणि आठ एमएमची टाकी आमच्या डोळ्यांदेखत चेपली. आवाज आला तेवढाच, बघायला वळेपर्यंत काम झालं होतं. तेही पूर्ण व्हॅक्यूम नव्हतंच.

म्हणून पाणबुडीत प्लेटच्या जाडीइतकंच महत्त्व गोलाईला आणि आतल्या रिंगांना. टाइप ७ सी ची आतली प्रेशर हल म्हणजे खरी दाब सोसणारी नळी, ती ४.७ मीटर व्यासाची आणि साडेअठरा एमएम प्लेटची. बाहेरून बोटीसारखी दिसते ती नुसती पातळ पत्र्याची टाकी आणि डेक, त्यात पाणी भरायचं आणि सोडायचं. तुम्ही व्हिडिओत बघता तो आकार म्हणजे कपडे आहेत, माणूस आत आहे.

झाकणाचं पण ऐका. दोन फुटी हॅच दहा मीटर खाली गेलं की त्यावर जवळजवळ तीन टन पाणी बसतं. आतून दहा जणांनी खांदा लावला तरी उघडणार नाही, आत पाणी घेऊन दाब सारखा केल्याशिवाय. हे ज्याला आधी माहीत नसतं तो खाली घाबरतो.

खारा_वारा:
नेव्हीत होतो, पाणबुडी शाखेत नाही, जहाजावर. तरी दोन गोष्टी.

कुरसुरा बघून टाइप ७ ची कल्पना करू नका. कुरसुरा रशियन बनावटीची, फॉक्सट्रॉट प्रकारची पाणबुडी, ९१ मीटर, १९६९ ला नेव्हीत आली. ती तुम्हाला अडचणीची वाटली ना, तर टाइप ७ त्याच्या पाऊणपटच लांब, त्यात पन्नास माणसं, १४ टॉर्पेडो आणि कित्येक आठवड्यांचं खाणं. संडास दोन, पैकी एकात निघताना खायचं सामान कोंबलेलं, म्हणजे सुरुवातीला पन्नास जणांत एक. बंक दोघांत एक, एक ड्युटीवर गेला की दुसरा त्याच गरम गादीवर. अंघोळ विसरा. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये लूम चालवलेल्या माणसाला गरमीचं सांगायला नको, पण शेडला दार असतं.

संडासावरून आठवलं, यू-१२०६ नावाची टाइप ७ सी च १४ एप्रिल १९४५ ला स्कॉटलंडजवळ संडासामुळे गेली. खोल पाण्यात चालणारा नवा हाय प्रेशर संडास होता, व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने उघडायचे त्याचं ट्रेनिंग लागायचं. क्रम चुकला, समुद्र आत आला, खाली बॅटऱ्या होत्या. लेड-ॲसिड बॅटरीत खारं पाणी गेलं की क्लोरीन होतो. वर यावं लागलं, वर विमानं होती. उजनीत पाणी गोडं आहे म्हणून खुश होऊ नका, चार्जिंगला हायड्रोजन निघतोच, घरच्या इन्व्हर्टरला खिडकी उघडी ठेवा म्हणतात ते उगीच नाही.

आणि गोड्या पाण्याचा वेगळाच घोळ. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं. टाइप ७ सी पाण्याखाली ८७१ टन, म्हणजे समुद्रात बरोबर तोललेली बोट उजनीत सोडली तर वीसेक टन जड पडणार, सरळ तळाला. सगळं वजन नव्याने मांडावं लागेल.

शेवटचं, जे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या बोटींवर साधारण चाळीस हजार माणसं गेली, त्यातली तीस हजार परत आली नाहीत. ज्यांची जहाजं त्यांनी बुडवली ते खलाशी वेगळेच, त्यात आपले लष्कर पण होते. नक्कल करा, मजा करा, पण टोपी-बिपी घालून सॅल्यूटचे रील काढू नका एवढीच विनंती.

विजापूर_वेस:
लष्कर म्हणजे? आपली मिलिटरी?

खारा_वारा:
नाही हो. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर इंजिनरूमला आणि डेकला हिंदुस्थानी खलाशी हजारोंनी असत, त्यांना लष्कर म्हणत. खाली बॉयलरजवळ असायचे. टॉर्पेडो लागला की त्यांना वर यायला वेळ कुठला.

धोटा_सोलापूर:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. खारा वारा साहेब, टोपी-सॅल्यूट डोक्यातच नाही, झेंडा पण लावणार नाही, मला यंत्राचं वेड आहे. पॅनवाला काका, मी त्या पॅनच्या शेजारून शंभरदा गेलो असेन, कधी या नजरेने बघितलं नाही.

बरं मग लहान केली तर? टाइप ७ राहू दे, पण आठ-दहा जणांची, दहा मीटर खोल जाईल अशी?

जमाखर्च:
मी आकडेवाला माणूस आहे, स्वप्न मोडायला आलोय असं समजू नका. पॅनवाल्यांनी दिलेला व्यास घेतला, हलची लांबी पन्नास मीटर धरली. नुसत्या नळीची प्लेट शंभर टनांच्या आसपास येते. किलोला साठ रुपये धरले तरी साठ लाखांचं लोखंड, त्यात रिंगा नाहीत, वेल्डिंग नाही, एक्स-रे नाही, इंजिन नाही, ४.७ मीटरची वस्तू रस्त्याने न्यायची तर ओडीसी म्हणजे जादा मापाच्या मालाचा ट्रेलर आणि परवानग्या. शेड विकलं तरी अर्धी बोट.

लहान करायची म्हणालात तर महायुद्धाचा हट्ट सोडा आणि जुन्या युद्धाकडे बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली हनली. जेमतेम चाळीस फूट, आठ माणसं, इंजिनच नाही, सात जण बाकावर बसून हाताने दांडा फिरवायचे आणि आठवा चालवायचा. १७ फेब्रुवारी १८६४ ला तिने एक युद्धनौका बुडवली, युद्धात जहाज बुडवणारी पहिली पाणबुडी तीच. आता दुसरी बाजू, ती तीनदा बुडाली. दोनदा ट्रायलच्या काळात, एकदा त्या हल्ल्यानंतर, मिळून २१ माणसं गेली, ज्याच्या नावाची बोट तो हनली स्वतः पण त्यात. २००० साली वर काढली.

का बुडतात ते हवेच्या हिशोबात बघा. आत वीस घनमीटर हवा धरा. माणूस बसल्या जागी तासाला १५-२० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, आठ जणांचे दीडशे लिटरच्या आत-बाहेर. चार तासांत तीन टक्क्यांवर जातो, डोकं ठणकायला लागतं. हे गप्प बसून. दांडा फिरवायला लागलात तर तासाभरातच. ऑक्सिजन संपायच्या खूप आधी माणूस कामातून जातो आणि त्याला कळत पण नाही की आपण चुकीचा व्हॉल्व्ह फिरवतोय.

परवानगीचं बोलायलाच नको. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मध्ये उजनीत साधी प्रवासी बोट वादळात उलटून सहा जण गेले. त्यानंतर तुम्ही अर्ज घेऊन जाणार की साहेब, आमची बोट मुद्दाम बुडणार आहे. २००७ ला न्यूयॉर्कला एका कलाकाराने १७७६ च्या टर्टल पाणबुडीची लाकडी नक्कल करून बंदरात सोडली, मोठ्या प्रवासी जहाजाजवळ गेला, पोलिसांनी उचलला. तिकडं ते आर्ट म्हणून खपलं, इकडं?

माझा सल्ला, पाणी सोडा. शेडमध्ये फक्त मधला तुकडा करा, कंट्रोल रूम. दाब नाही म्हणजे तीन एमएमचा पत्रा चालतो, व्यास मात्र पूर्ण ४.७. दोन हायड्रोप्लेनची (बोट वर-खाली वळवणारे आडवे पंख) चाकं, डेप्थ गेज, व्हॉल्व्हची भिंत, पेरिस्कोप छतातून बाहेर. गेजच्या मागे कॉम्प्युटर, चाक फिरवलं की काटा हलला पाहिजे, आणि खालून जॅकने फ्लोअर कललं पाहिजे. वायरमन आहेच तुमच्याकडं.

पॅनवाला:
जमाखर्च बरोबर बोलले. त्यात एक भर घालतो. व्हॉल्व्ह खोटे लावू नका. कारखाने ऑफ सीझनला जुने व्हॉल्व्ह बदलतात, सहा इंची, आठ इंची, कास्ट आयर्नचे, चाकासकट भंगारात किलोवर जातात. तेच घ्या, साफ करा, ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) नवी भरा. खरं चाक फिरवायला जे जड जातं ना, ते पत्र्याच्या चाकात येत नाही, आणि तुमच्या क्रूला पहिल्याच दिवशी कळेल की पन्नास चाकांत अंधारात हात टाकून बरोबरचं चाक शोधणं काय असतं. लाइट घालवून प्रॅक्टिस करा.

धोटा_सोलापूर:
कंट्रोल रूम. हां. हे जमतंय राव. ४.७ मीटर म्हणजे साडेपंधरा फूट, आमचं शेड कैचीखाली सोळा आहे. पेरिस्कोपसाठी एक पत्रा काढावा लागेल, पावसाचं बघू.

काका, गाळप संपल्यावर पॅन आतून उघडा असतो ना? बघायला मिळेल का? बाकीचे पण येतील, वेल्डरला तर कान धरून आणतो.

पॅनवाला:
मार्च-एप्रिलमध्ये गाळप थांबलं की या, ओळखीच्या चीफ इंजिनिअरला सांगून ठेवतो. अंगावर जुने कपडे, पायात बूट, चप्पल घालून आलात तर गेटवरूनच परत. वजनदार माणसाला आणू नका, पॅनचं मॅनहोल सोळा इंची असतं.

विजापूर_वेस:
म्हणजे मी कटलो बे. मग मला वर शेडच्या पत्र्यावर बसवा, पेरिस्कोपमधनं दिसायला शत्रूचं जहाज तर कोणतरी पाहिजे.