ईमेलच्या सहीखाली सर्वनामं लिहायची सक्ती असावी का?

विश्रामबागकर

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत पर्चेसला आहे, नाव सांगत नाही. मध्यंतरी मालकी परदेशातल्या ग्रुपकडं गेली आणि आता तिकडच्या एचआरचं सर्क्युलर आलंय की एक तारखेपासून सगळ्यांनी ईमेलच्या सहीत आपली सर्वनामं टाकायची. म्हणजे नाव, हुद्दा, मोबाईल आणि त्याखाली शी/हर नायतर ही/हिम नायतर दे/देम, म्हणजे इंग्रजीत आपल्याला बाई म्हणायचं, बाप्या म्हणायचं का दोन्ही नको ते. नाही टाकलं तर मॅनेजरला रिमाइंडर जाणार.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला लिहायचंय त्याला लिहू द्या, त्यावरनं कुणी चेष्टा केली तर त्याला चांगलं झापा, पण सक्ती करू नका. ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांनाच सक्तीचा सगळ्यात जास्त जाच आहे. एखाद्याचं अजून स्वतःशीच ठरलेलं नाही, किंवा ठरलंय पण घरी, भावकीत कुणाला सांगितलेलं नाही, त्यानं त्या ओळीत काय लिहायचं? खरं लिहिलं तर दुपारच्या चहाला टपरीवर तोच विषय आणि रात्रीपर्यंत गावात, कारण आपल्याकडं लाइनवरचा सुपरवायझर मामाच्या गावचा असतो आणि स्टोअरवाला चुलत्याचा मित्र. खोटं लिहिलं तर दिवसभर जाणाऱ्या प्रत्येक मेलखाली आपल्याच हातानं खोटं. आज ती ओळ नाही म्हणून निदान गप्प तरी राहता येतंय, ते गप्प राहणं कंपनीनं काढून घेऊ नये. असं माणूस माझ्या ओळखीत आहे, त्याहून जास्त सांगणार नाही.

आणि हुकुमाचं काय, तो दोन्हीकडं फिरतो. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आदेश निघाला की ३१ जानेवारीपर्यंत सहीतली सर्वनामं काढा. ज्यांनी आपल्या राजीखुशीनं लिहिली होती त्यांनाही पुसावी लागली. लिहाच म्हणणारा आणि पुसाच म्हणणारा, दोघंही मला एकाच माळेचे मणी वाटतात.

मार्केटयार्ड_हळद

असहमत. मी हळद एक्स्पोर्टच्या ऑफिसात आहे आणि माझं नाव शीतल आहे. आपल्या सांगली-कोल्हापूरच्या जैन समाजात शीतल हे पुरुषाचं नाव, गावोगावी सापडतील. पण कृष्णा ओलांडून पुढं गेलं की ते बाईचं होतं. बाहेरचे बायर डिअर मिस लिहितात, फोन लावला की माझा आवाज ऐकून म्हणतात मॅडमना द्या. एकदा प्रदर्शनाला जायचं होतं तर व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र मिस म्हणून आलं, ते दुरुस्त करून मागवण्यात किती मेलामेली झाली विचारू नका. किरण, सुहास, कमल, सुमन यांची सगळ्यांची हीच गत. नावाखाली एक ओळ असती तर हे काहीच झालं नसतं.

आता सक्तीचं. तुम्ही म्हणता ज्याला हवं त्यानं लिहावं. मग कोण लिहिणार? ज्याला गरज आहे तोच. तीनशे माणसांच्या कंपनीत चौघांच्याच सहीखाली ती ओळ दिसली तर ते चौघं आपोआप उघडे पडले की नाही? सगळ्यांनी लिहिली, मालकापासनं रिसेप्शनपर्यंत, तरच ती मोबाईल नंबरासारखी साधी होते. तुमच्या ओळखीतल्या माणसाची काळजी मला पण आहे, पण त्याला आडोसा द्यायचा तर गर्दीच लागेल.

कृष्णाकाठ_वाळवा

दोघांचंही वाचलं. मला मुळात हे इंग्रजीचं दुखणं आहे असं वाटतं आणि ते आपल्या गळ्यात कशाला घ्यायचं. इंग्रजीत आय केम म्हटलं तर बाई का बाप्या कळत नाही म्हणून त्यांना वेगळं लिहावं लागतं. मराठीत मी आलो, मी आले, एका शब्दात विषय संपला. फोनवर साहेब, मॅडम, दादा, ताई म्हणतोच आपण. आणि तृतीयपंथीयांना मान देणं आपल्याला कुणी परदेशातनं शिकवायला नको. सौंदत्तीच्या यल्लमाचे जोगते, म्हणजे देवीला सोडलेले, डोक्यावर देवीचा जग (मूर्तीची टोपली) घेऊन दारात येतात, आमच्या घरी आई आजही परडी भरते आणि पाया पडते. कुठला फॉर्म भरून घेतला नाही, कुठलं सर्क्युलर नाही. जे आपल्याकडं पिढ्यानपिढ्या आहे ते कागदावर आणलं की त्यात कोरडेपणा येतो, लोक चिडतात, आणि आधी जे चाललंय तेही बिघडतं. माझा विरोध माणसांना नाही, या पद्धतीला आहे.

मिरजेची_लेक

वाळव्याचे असून क्रियापदात विषय संपला म्हणताय याचं नवल वाटलं. आपल्या भागात बायका कशा बोलतात? मी जातो, मी जेवलो, मी सांगितलो होतो की तुला. मी स्वतः अशीच बोलतो, आई अशीच बोलते, आजी पण. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा होस्टेलच्या पोरी दर वाक्याला दुरुस्त करायच्या, जातो नाही गं, जाते म्हण. म्हणजे मराठी क्रियापदावरनं सगळं कळतं हे आपल्याच जिल्ह्यात खरं नाही. आणि माझ्या बोलण्यावरनं मी बाई नाही असं आजवर मिरजेत कुणालाच वाटलं नाही. भाषा एवढी सैल आहे, ती माणसाला सामावून घेऊ शकते, मग कुणी शी लिहिलं किंवा दे लिहिलं तर एवढं अंगावर का यावं?

परडीचं म्हणाल तर मान्य, माझ्या आजीनं पण भरली. पण पुनवेला पाया पडायचं आणि तेच माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात सेल्सच्या नोकरीला उभं राहिलं तर गिऱ्हाईक बिचकतील म्हणून परत पाठवायचं, हे पण आपल्याकडंच होतं. देव्हाऱ्यात जागा आहे, मस्टरवर नाही. पोलीस भरतीच्या ऑनलाईन फॉर्ममध्ये तिसरा पर्याय यायला डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाला सरकारला सुनवावं लागलं. पिढ्यानपिढ्या मान असता तर कोर्टापर्यंत जायची वेळ का आली?

कृष्णाकाठ_वाळवा

ताई, नोकरीचं तुमचं बरोबर आहे, त्याला माझं उत्तर नाही. पण जातो-जेवलोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तुम्ही जातो म्हणता आणि तरी सगळ्यांना कळतं, कारण ओळख आहे, नातं आहे. सहीखाली न लिहिता कळतंय ना? मग ओळ कशाला.

नवी_ओळख_मिरज

मी ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्माला मुलगा म्हणून नोंद झाली पण मी बाई आहे. मिरजेत एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला काम करते, हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका. सगळे माझ्यासारख्यांबद्दल बोलताय म्हणून लिहिते.

शीतलदादांना बायर चुकून मिस म्हणतो. मला मुद्दाम बाप्या म्हणून बोलतात. हा फरक आधी ध्यानात घ्या. आणि इंग्रजीत ही का शी हे माझ्यामागं बोलताना येतं, मी समोर असले तर यूच असतं. मराठीत तसं नाही, मराठीत तोंडावर येतं. कधी आलास? जेवलास काय? ती फाईल ठेवलास कुठं? पेशंटच्या नातेवाइकांसमोर, रांग लागलेली असताना, आमचा एकजण मोठ्यानं आलास म्हणतो, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांनी मान वर करून बघावं. माझ्या गळ्यातल्या कार्डावर नवीन नाव आहे. नाव वाचून तो आलास म्हणतो. त्याला माहीत नाही म्हणून नाही, माहीत आहे म्हणून. मग कार्डावर शी/हर छापून काय होणार? त्याला आणखी एक वाचायला मिळेल.

त्याच काउंटरला एक वयस्कर सिस्टर आहेत. त्यांना काय म्हणावं कळेना, तर त्यांनी पहिल्या दिवसापासनं मला तुम्ही लावलं. तुम्ही आलात? जेवलात? फाईल कुठं ठेवलीत? यात बाईपण नाही आणि बाप्यापण नाही, आणि वर मान आहे. वर्षभरानं एक दिवस आपणहून जेवलीस काय गं म्हणाल्या. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं, ओळीचा हट्ट नको आणि ओळीला विरोध पण नको. आधी पगाराच्या स्लिपवरचं जुनं नाव काढा, माझं अजून आहे. कलेक्टर ऑफिसचं ट्रान्स ओळखीचं सर्टिफिकेट आहे, आधार बदललं, स्लिप बदलत नाही, सॉफ्टवेअरमध्ये होत नाही म्हणतात. दर महिन्याला ती स्लिप ज्याच्या हातातनं येते त्याला माझं जुनं नाव कळतं.

सातारा_पोवईनाका

कामगार कायद्याचं काम करतो, थोडं कायद्याच्या बाजूनं लिहितो. सर्वनामं लिहायलाच पाहिजेत असा भारतात कुठलाही कायदा नाही. पण जे आहे ते बऱ्याच कंपन्या पाळत नाहीत. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क माणसाला आहे. मग २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, १० जानेवारी २०२० पासनं लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणं नोकरीत, भरतीत, बढतीत भेदभाव करता येत नाही, आणि कलम ११ प्रमाणं प्रत्येक आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा आहे. प्रत्येक म्हणजे हॉस्पिटलपण आलं, कुपवाडची कंपनीपण आली.

आणि धागा ज्यावरनं निघाला त्याबद्दल महत्त्वाचं. २०२० च्या नियमांत समान संधी धोरण काढायला सांगितलंय, आणि कर्मचाऱ्याची लिंगओळख गोपनीय कशी राखणार हे त्या धोरणात असायला पाहिजे. आता एका हातानं गोपनीयता लिहायची आणि दुसऱ्या हातानं प्रत्येकाला सहीखाली जाहीर करायला लावायचं, हे एकत्र बसत नाही. सहीचा नमुना कंपनीचा, फॉन्ट कंपनीचा, लोगो कंपनीचा, तिथं कंपनी सांगेल ते. पण ओळख त्या माणसाची आहे. म्हणून मी विश्रामबागकरांच्या बाजूचा.

नवी_ओळख ताई, स्लिपचं सॉफ्टवेअरमध्ये होत नाही हे उत्तरच नव्हे. जुलै २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं हैदराबादच्या एका आयआरएस (भारतीय महसूल सेवा) अधिकाऱ्याचं नाव आणि लिंग सगळ्या सरकारी रेकॉर्डवर बदलून दिलंय. एवढ्या मोठ्या खात्याला जमतं तर हॉस्पिटलला जमेल. तक्रार अधिकारी कोण आहे ते लेखी विचारा, अर्जाची पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मार्केटयार्ड_हळद

गोपनीयतेचा मुद्दा वजनदार आहे, मानला. तरी माझी शंका मिटली नाही. ऐच्छिक केलं की पहिल्या महिन्यात चौघं लिहिणार आणि पुढं तेही पुसणार, कारण एकटं कोण दिसून घेणार. माझं असं म्हणणं की निदान वरच्या साहेब लोकांनी तरी लिहावं. ज्यांना काही गमवायचं नाही त्यांनी आधी लिहावं. सक्ती नको तर नको, पण मालक, मॅनेजर, एचआर यांनी लिहिलं नाही तर ऐच्छिक म्हणजे नुसतं नावाला.

विश्रामबागकर

हे पटलं. साहेबांनी स्वतःहून लिहावं, बाकी सगळ्यांना मोकळीक, आणि रिमाइंडर बंद. एचआरला मेल लिहायला घेतलाय त्यात हे टाकतो. कलम ११ चा तक्रार अधिकारी आपल्याकडं कोण हे आजच विचारलं, तर एचआरची मुलगी म्हणाली बघून सांगते. सहीत काय लिहायचं याचं सर्क्युलर तयार आहे आणि तक्रार कुणाकडं करायची ते बघून सांगणार, हा क्रम मला चुकीचा वाटतो, आणि मेलमध्ये तसंच लिहिणार आहे.

नवी_ओळख ताईंचं तुम्ही-आलातचं पण घालतो. ट्रेनिंग इंग्रजी स्लाइडवर होणार असेल तर त्याचा उपयोग नाही. लाइनवर कुणी ही-शी बोलत नाही, तिथं आलास-आलीस चालतं, तर ट्रेनिंग पण त्यावरच पाहिजे.

कृष्णाकाठ_वाळवा

तुम्ही म्हणायला माझी काही हरकत नाही, ते आपल्यातलंच आहे. पण एक सांगतो, आमच्याकडं जवळच्या माणसाला तुम्ही म्हटलं की ते परकं वाटतं. सगळ्यांना अरे-तुरे आणि एकालाच अहो-जाहो केलं तर ते पण वेगळं काढल्यासारखंच झालं. सिस्टरांनी शेवटी जेवलीस काय गं म्हटलं तेच खरं मला वाटलं. तिथवर माणूस आपणहून गेलं पाहिजे, सर्क्युलरनं जात नाही. सहीला माझा विरोध कायम.

नवी_ओळख_मिरज

दादा, परकं वाटलं तरी चालेल. आलास ऐकण्यापेक्षा परकं बरं. जवळचं व्हायला वेळ लागतो, तोवर तुम्ही म्हणा.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

सगळे सहीचं बोलताय, आमच्या शॉपफ्लोअरला ईमेलच नाही. कंत्राटी पोरंपोरी आहेत, गेटवर कंत्राटदाराचं मस्टर, त्यात पु. आणि स्त्री दोनच रकाने. लॉकर रूम दोन, संडास दोन. मागं एकजण आठवडाभर आलं, दिवसभर पाणीच प्यायचं नाही म्हणजे संडासला जायला नको, मशीनवर चक्कर यायला लागली आणि काम सोडून गेलं. कुणी काही वाईट बोललं नव्हतं. विश्रामबागकर, मेल लिहितच आहात तर मस्टरचा रकाना आणि कडी असलेला एक वेगळा संडास एवढं त्यात घाला, कंत्राटदाराला कंपनीनं सांगितल्याशिवाय तो करणार नाही.

विश्रामबागकर

घालतो. संडासाचं सगळ्यात वर घालतो, सहीचं खाली. ऑफिस ब्लॉकमागं जुन्या स्टोअरला लागून एक बंद पडलेला आहे, नळजोडणी आहे, दार आणि दिवा बसवला की चालू होतंय, पर्चेसलाच असल्यामुळं कोटेशन मीच काढतो. सोमवारी मेल जाईल, काय उत्तर येतंय ते इथं लिहीन.