पेटीत नाही, तबकडीवर जमेल

सौरचुलीच्या पेटीत करवंट्या ठेवून बायोचार (म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा) होईल का, असं काही जण विचारतात. पेटीत नाही होणार. तिचं तापमान साधारण 120-140 अंशांपर्यंत जातं. लाकडाचा कोळसा व्हायला हवेविना 350 ते 500 अंश लागतात. 1.4 मीटर व्यासाच्या पॅराबोलिक, म्हणजे आरशाच्या खोलगट तबकडीच्या सौरचुलीवर काळा रंगवलेला लहान पत्र्याचा डबा तेवढा तापू शकतो. झाकण घट्ट हवं, पण त्याला बारीक भोक हवंच, नाहीतर आतल्या वायूने ते उडेल. त्रास असा की तबकडी सतत सूर्याकडे फिरवावी लागते आणि धुरातलं डांबर आरशावर बसतं. गॉगलशिवाय जवळ जाऊ नका.

माझ्या मते उन्हाचं खरं काम वाळवणाचं. ओल्या काड्यांतलं पाणी घालवण्यातच पुष्कळ उष्णता खर्च होते. एप्रिलच्या उन्हात कडकडीत वाळलेल्या तुरकाट्या वरून पेटवायच्या शेगडीत भरा. त्यांतून सुटणारा वायू जळतो, त्यावर भात होतो, खाली कोळसा उरतो. पिवळी ज्योत संपली की लगेच पाणी ओता, उशीर झाला तर राखच मिळेल. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' संस्थेची उसाच्या पाचटापासून कोळसा करायची भट्टीही एकदा पेटली की मुख्यतः सुटणाऱ्या वायूवर तापते. या भट्टीसाठी संस्थेला 2002 साली शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळालाय.

कोरा कोळसा थेट कुंडीत नको, आधी दोन-तीन आठवडे कंपोस्टमध्ये मुरू द्या. कोकणातल्या आम्लधर्मी मातीला तो जास्त मानवतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत बेतानेच घाला.