अनुभव धागा: तुम्ही गोंगजिनला कसे पोहोचलात?

गेल्या रविवारी ‘होमटाउन चा-चा-चा’ ही कोरियन मालिका तिसऱ्यांदा संपवली. सोळा भाग, एकेक सव्वा तासाचा. नवरा म्हणतो, “पुढे काय होतं ते माहितेय ना तुला?” माहितेय, म्हणून तर बघते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सेऊलमधली दातांची डॉक्टर हे-जिन (शिन मिन-आ) नोकरी सोडून गोंगजिन या समुद्रकाठच्या गावात दवाखाना थाटते. तिथे होंग दु-शिक (किम सॉन-हो) नावाचा, पडेल ते काम करणारा एक अवलिया आहे. नळ असो की भिंत, त्याचा दर एकच: किमान वेतन. २०२१ साली ते ताशी ८,७२० वॉन होतं. बस्स, एवढीच गोष्ट. विषाची बाटली नाही की पिस्तूल घेतलेली जाऊबाई नाही. तरी मी अडकले.

तुम्ही कुठल्या प्रसंगाला अडकलात ते लिहा. अट एकच, शेवटच्या दोन भागांत काय होतं ते फोडायचं नाही.

निळी_छत्री

मी आजीबरोबर पाहिली. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मी सबटायटल्स मराठीत वाचून दाखवायचे. पहिल्याच भागात अडले. इंग्रजीत सगळीकडे ‘यू’. मराठीत तू म्हणू की तुम्ही? मग कान देऊन ऐकायला लागले. वाक्याच्या शेवटी ‘यो’ आलं की बहुतेक ‘तुम्ही’, नाही आलं की ‘तू’. आणि लक्षात आलं की दु-शिक कुणालाच ‘यो’ लावत नाही! अनोळखी डॉक्टरीणबाईंना पहिल्या भेटीत ‘तू’. ऐंशीच्या घरातल्या गाम-री आजींना तर नावाने हाक मारतो. हे-जिन याच्यावरून भडकते. इंग्रजीत तिचा राग उगाच वाटतो, मराठीत लगेच कळतो.

दोन-तीन भागांनी आजीने विचारलं, “काय गं, हा पोरगा कुणालाच अहोजाहो करत नाही?”
“नाही.”
“आणि त्याला कुणी काही म्हणत नाही?”
“नाही.”
“मग ह्याला गावानं वाढवलाय. आईबाप नसणार.”

हे मालिकेत तोवर धड सांगितलेलंही नव्हतं.

दुपारचा_चहा

किम सॉन-होच्या गालावरच्या खळ्या. झाला माझा अनुभव लिहून.

वेंगुर्लेकर

स्क्विडला आमच्याकडे म्हाकूल म्हणतात, ते पहिल्या भागात हे-जिनला साफ करायला बसवतात. कुठल्याशा आगीमुळे कार्ड चालत नाही, एटीएम चालत नाही, पर्समध्ये रोकड नाही आणि कॉफी तर पिऊन झालेली. मग दु-शिक तिला कामाला लावतो.

मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं. म्हाकूल धरायचं, डोकं ओढायचं, आतडी त्याच्याबरोबर बाहेर येतात. शाईची पिशवी फुटली की हात काळे. पाठीतली प्लॅस्टिकसारखी पात उपसायची राहते, नवीन माणूस ती हमखास विसरतो. मी दहा वर्षांची असताना आईने पहिल्यांदा बसवलं तेव्हा मीही नाक दाबून रडले होते. टीव्हीवरच्या मासळीच्या गावात कधी माश्या नसतात, कधी माणसं नसतात. इथे निदान हात बरबटलेले आहेत. वास तेवढा आला नाही.

सोसायटीची_सेक्रेटरी

दुसऱ्या भागातला माइक! हे-जिन फोनवर गावाला नावं ठेवते, माइक चालू, अख्खं गाव ऐकतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीनंतर मी मैत्रिणीला म्हटलं होतं, “आता ह्यांची भावगीतं संपेपर्यंत खीर आंबते बघ.” माइक चालू. ‘ह्या’ पहिल्या रांगेत. पुढचे चार महिने लिफ्टमध्ये मी एकटीच. त्यामुळे गाव तिच्या दवाखान्याकडे फिरकत नाही तेव्हा सगळे हसले असतील, मी नाही.

दाढदुखी

मी स्वतः दंतवैद्य, तालुक्याच्या गावी. तेव्हा आधी कुरकुर. दवाखाना टाकल्यावर इतका मोकळा वेळ आणि इतके उंच टाचांचे बूट कुणाला परवडतात? पण गाम-री आजी दाढ ठणकत असताना खर्चाच्या भीतीने गप्प बसते, तिथे माझी कुरकुर थांबली. “नवा दात नको बसवायला बाई, काढूनच टाका,” हे मी आठवड्यातून चारदा ऐकते. मुलाच्या पैशाला हात लावायचा नसतो, एवढंच खरं कारण असतं. त्यावर हे-जिन आधी चिडते, हेही अगदी खरं. आम्ही चिडतो. किम यंग-ओक यांनी ती आजी केली आहे, जन्म १९३७ चा. चघळण्याचा अभिनय असा असतो हे मी विद्यार्थ्यांना दाखवीन.

कडू_कारलं

मी सुरात सूर मिसळणार नाही. दु-शिककडे कसली कसली म्हणून प्रमाणपत्रं आहेत! असा माणूस लग्नाला तयार मिळतो म्हणजे परीकथाच. शिवाय गावातली चोंबडी बाई गोड दाखवायची सोपी आहे, तिच्या शेजारी राहायचं अवघड. तिच्या चोंबडेपणामागे दुःख आहे हे नंतर कळतं, मान्य. पण आमच्या वाड्यातल्या काकूंच्या मागे काहीच नव्हतं, नुसता चोंबडेपणा. सोळा भाग पाहिले मात्र सगळे. दोन रात्रींत.

पोहांगवासी

कामानिमित्त तीन वर्षं इथे, दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरात आहे, म्हणून सांगतो. गोंगजिन नकाशावर शोधू नका, काल्पनिक आहे. मालिकेत ते गांगवॉन प्रांतात दाखवलंय, चित्रीकरण बरंचसं इथे, पोहांगच्या आसपास. एरवी शहराची ओळख पोलादाच्या कारखान्याची. चोंगहाचा बाजार म्हणजे मालिकेतलं बाजारपेठेचं गाव. दु-शिकची टेकडीवरची होडी साबांग स्मारक उद्यानात आहे. चढ फार नाही, वारा मात्र असा की टोपी गेली ती गेलीच. होडीत बसून फोटो काढायला जोडप्यांची रांग, मी एकटा. मागच्या मावशींनी हातवारे करून मला बसवलं, फोटो काढला, मग विचारलं, “बाप मोगोस्सोयो?” जेवलात का? इतकी वर्षं घराबाहेर आहे, हे शेवटचं कधी कुणी विचारलं होतं ते आठवेना. ‘यो’ लावला होता हो, @निळी_छत्री.

धागाकर्ती

@कडू_कारलं, दोन रात्रींत? मग बोलूच नका तुम्ही.

निळी_छत्री

@पोहांगवासी, आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, “जेवला होता का पण तो?”

आणि कबुली द्यायची राहिली. शेवटचे दोन भाग मी तिला दाखवलेच नाहीत. अजून यायचेत म्हणून सांगितलंय. २०२१ पासून. दिवाळीला गेले तेव्हा कापसाच्या वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “त्या म्हातारीचं काही झालं असेल तर सांग हो. मला काही होत नाही.”